रूपलीबाईची साक्ष

अक्कलकुव्याच्या बाजारात रूपलीबाई दिसण्याआधी ऐकू यायची. मायदेशी परतलेल्या कुणा साहेबाचे जुने बूट तिच्या वाट्याला आले होते, आणि ते इतके मोठे की चालताना बूट एक चाल चालायचे आणि आतले पाय दुसरी. "बूट उनात, आते बाई येई," असं घाण्यावरचे तेली म्हणायचे. ती थांबून उत्तर द्यायची, "मंग पहिले बूटले राम राम करा, तो मोठा साहेब शे." बाजार हसायचा. हसवणाऱ्या माणसाला बाजार उभं राहू देतो, एवढं शहाणपण तिला होतं.

तिचं काम बायबलबाईचं. साहेब लोकांना घरांच्या आतल्या बायकांपर्यंत पोचता येत नसे, म्हणून मिशन एखादी विधवा पगारावर ठेवी. तिने ओट्याओट्यावर बसून बायाबापड्यांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, कुणी बाप्तिस्म्याला तयार होईल तर बघायचं, आणि महिन्याच्या शेवटी बंगल्यावरच्या गोऱ्या मिसबाईंना हकिकत द्यायची. रूपलीने पंधराएक वर्षांत बाजारातलं एकही माणूस बाप्तिस्म्याला आणलं नव्हतं. मिसबाई याला 'पेरणीचा काळ' म्हणत. मिशनशाळेचा एलीया मास्तर याला फुकटचा पगार म्हणे, पण ते बंगल्याबाहेर.

मिसबाई कुठल्या देशाच्या, हे बाजाराला कधीच नीट कळलं नाही. फार थंडीच्या कुठल्यातरी. मराठी त्या बायबलावरून शिकल्या होत्या, त्यामुळे गवळ्याला दारात उभं करून विचारायच्या, "हे मनुष्या, तू आपल्या दुधात जल का मिसळतोस?" गवळी म्हणायचा, "बाई, इतकं गोड कुणी विचारत नाही, उद्यापासून कमी मिसळतो." मनाने वाईट नव्हत्या. वाईट नसलेल्या माणसांमुळे किती नुकसान होतं, तेही पुढे येईलच.

रूपली मूळची काठी संस्थानाच्या पलीकडच्या डोंगरातली भिलीण. छपन्न्याच्या, म्हणजे संवत १९५६च्या, दुष्काळात आईने तिला मिशनच्या कांजीच्या रांगेत उभं केलं आणि पाणी पिऊन येते म्हणून गेली ती गेलीच. बापाचं नाव पोरीला सांगता येईना. अनाथाश्रमात वाढली, वाचायला शिकली, जान्या नावाच्या प्रचारकाशी लग्न झालं. जान्या हिवतापाने गेला, मूलबाळ झालं नाही. एकदा प्रचारकांच्या टोळीबरोबर ती डोंगरात गेली होती. एका म्हातारीने पाणी दिलं आणि विचारलं, कुणाची तू? रूपलीला सांगता येईना, तेव्हा म्हातारी आपल्या बोलीत म्हणाली, म्हणजे साहेबाची. त्यात राग नव्हता, नुसती नोंद होती.

तेव्हा मंडळी, म्हणजे ती चर्चची माणसं, हेच तिचं माहेर आणि तेच सासर. नाल्याकाठच्या मिशनच्या दफनभूमीत जान्याशेजारची जागा तिची, हे ठरलेलं होतं. पण नियम असा की ज्याला प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षरसाची, बंदी झाली त्याला तिथली मातीही बंद. मंडळीतून निघालेल्या माणसाला डोंगर घेत नाही, बाजार घेत नाही, आणि मेल्यावर नाल्याकाठही घेत नाही. हे रूपलीला जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकंच ते एलीया मास्तरालाही ठाऊक होतं.

हा मास्तर नगरकडचा. वैशाखातही काळा कोट घालायचा आणि घाम आला की त्याला शिस्त म्हणायचा. मंडळीच्या पंचकमिटीचा चिटणीस तोच. उपासनेत नगरकडची दोन-तीन घरं पुढच्या बाकांवर बसत, आणि भिल्ल मंडळी मागे चटईवर. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. न सांगता झालेल्या गोष्टी मोडायच्या कुणी?

आता सूरजबाई. पारसमल शेठच्या किराणा दुकानामागे त्याचं घर, आणि त्या घरात मारवाडातून आणलेली ही सून. सासू तीजाबाई जुन्या वळणाची, पण जिभेने मऊ. भिलीण ओट्याच्या खालच्या पायरीवर बसेल, वर येणार नाही, एवढं पाळलं की बाकी तिची हरकत नसे. उलट दुपारी निवडायला डाळ घेऊन तीच ऐकायला बसायची. सूरजबाईला योसेफाची गोष्ट फार आवडे. भावांनी पोराला परमुलखातल्या लोकांना विकलं, तिथवर आलं की ती घुंघटाच्या आतून म्हणायची, "मने भी तो ऐसो ही भेज्यो." मग तीजाबाई म्हणायची, "थने बेची कोनी, परणाई है," म्हणजे विकलं नाही, लग्न लावून दिलं. आणि तिघी हसायच्या. रूपलीने ती गोष्ट त्या पायरीवर किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. दर वेळी योसेफाचा अंगरखा जास्त रंगीत व्हायचा.

एका साली सूरजबाईच्या मुलाला मोतीझिऱ्याचा मुदतीचा ताप आला. पोर हाती लागेल असं वाटेना. पुरुष नंदुरबारला मालासाठी गेलेले, तीजाबाई जैन साधूंच्या स्थानकात महाराजांच्या व्याख्यानाला. रूपली पायरीवर आली तशी सूरजबाईने तिचा हात धरला, आणि ओटा, ओसरी, स्वैपाकाचा रसोडा ओलांडून थेट आतल्या खोलीत नेलं. भिल्लाची सावली त्या खोलीत कधी पडली नव्हती. "थारे भगवानने बोल," ती म्हणाली. रूपलीने पोराच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. पोर पुढे बरं झालं, प्रार्थनेने की वैद्याच्या काढ्याने, ते बरं करणाऱ्यालाच माहीत. जाताना सूरजबाई एवढंच म्हणाली, "किणीने मत कहीजे." रूपलीने मान हलवली. मिसबाईंनाही तिने ते सांगितलं नाही. पगार हकिकतीचा होता, तरी.

मग जैनांचं पर्युषण आलं. सूरजबाईने अठाई धरली, आठ दिवसांचा उपास. दिवसा उकळलेलं पाणी तेवढं घ्यायचं, बाकी काही नाही. उपासाची दुपार लांब असते, तेव्हा रूपली रोज जाऊन बसू लागली. समोरचं माणूस वाळत चाललेलं पाहून तिलाही भाकर जाईना. तिने दुपारचं जेवण सोडलं. व्रत म्हणून नाही, घास उतरेना म्हणून.

पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरीचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी या लोकांत एक रीत असते. वर्षभरात जे काही दुखावलं असेल त्याबद्दल एकेकाची माफी मागायची, आणि मगच पारणं. सूरजबाईने सासूची मागितली, सासऱ्याची मागितली, दुकानातल्या हमालाची मागितली. मग दोन बायकांच्या आधाराने ओट्यावर आली, पायरीवरच्या रूपलीपुढे वाकली आणि हात जोडून म्हणाली, "रूपलीबाई, म्हारी कोई भूलचूक हुई वे तो खमजो."

रूपली उभी राहिली. मग तिनेही हात जोडले आणि म्हणाली, "मन्ही बी." तीजाबाईने पारण्याच्या मुगाचं पाणी वरून वाटीत ओतून दिलं, ते तिने पायरीवर बसून प्यायलं. आठ दिवसांत दुपारचं पहिलंच काही पोटात गेलं, गरम आणि फक्त मिठाचं.

आता दुसरी एखादी शहाणी बाई असती तर हे पोटात ठेवून बसली असती. पण मंडळीत बुधवारी बायकांची प्रार्थनासभा भरे, आणि तिथे जिच्या आयुष्यात प्रभूने काही केलं तिने उठून साक्ष द्यावी, असा प्रघात होता. एरवी कुणाची म्हैस सापडल्याची, कुणाचा दात दुखायचा थांबल्याची साक्ष असायची. रूपलीला वाटलं, याहून मोठी साक्ष ती काय असणार? ती उठली आणि तिने हरखून सगळं सांगून टाकलं. उपास, वाकणं, जोडलेले हात, मुगाचं पाणी. आतल्या खोलीचं तेवढं सांगितलं नाही. मिसबाईंनी डोळे पुसले. मास्तरची बायको मार्थाबाई हिने नाही पुसले. तिने नवऱ्याला जेवताना सांगितलं, आणि मास्तर जेवण टाकून उठला म्हणतात. खरं म्हणजे दोन भाकरी संपवून उठला असेल.

कमिटी शाळेच्या खोलीत बसली. मास्तर खुर्चीवर, दोन वडील बाकावर, आणि कमिटीतला एकुलता भिल्ल, दिवाल्या वडील, खिडकीशी उकिडवा.

"तू त्या घरी उपास धरलास?" मास्तरने विचारलं.

"धरला नाही, मास्तर. जेवण गेलं नाही." कमिटीपुढे रूपली आश्रमात शिकलेली मराठी बोलायची.

"मूर्तीला वाहिलेलं खाल्लंस?"

"त्या घरात मूर्ती नाही."

"मारवाड्याच्या घरात मूर्ती नाही?"

"नाही. ते तोंडाला पट्टी बांधणाऱ्या महाराजांचे लोक. ते मूर्ती मानत नाहीत."

अख्ख्या बाजारात मूर्ती न मानणारे आपण एकटेच, अशी कमिटीची वर्षानुवर्षांची समजूत होती. मास्तर आधी सावरला. म्हणाला, "मूर्ती नसली तरी मूर्तिपूजा असते."

दिवाल्याला ठसका लागला, पण तो तंबाखूचा होता असं त्याने नंतर सांगितलं.

"आणि हात का जोडलेस?"

"तिने आधी जोडले."

"म्हणून तू जोडायचे?"

"मास्तर, माझी आजवर कुणी माफी मागितली नव्हती. मागतात तेव्हा काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नाही."

मास्तरने लिहून घेतलं, 'पश्चात्ताप दिसत नाही.' भर उपासनेत कबुली देईपर्यंत प्रभुभोजन बंद, असा ठराव झाला. दिवाल्याने मान हलवली. ती 'हो' म्हणून हलली की नुसती हलली, हे कुणी विचारलं नाही.

रूपली बंगल्यावर गेली. "मिसबाई, तुम्ही कमिटीला सांगा. तुम्ही रडला होतात."

मिसबाईंनी तिचा हात हातात घेतला. "रूपली, मंडळी आता आपल्या स्वतःच्या पायांवर उभी राहू लागली आहे. अशा वेळी मी हात घालणे योग्य नव्हे."

गंमत अशी की त्याच महिन्यात साहेब लोकांची वार्षिक सभा भरली. तिथे मिसबाईंनी तीच हकिकत सांगितली, की एक धनाढ्य मारवाडी स्त्री सत्याच्या शोधात आठ दिवस उपाशी राहिली आणि शेवटी आमच्या बायबलबाईपुढे नम्र झाली. ऐकून साहेब लोक हेलावले म्हणे. म्हणजे एकच वाटी मुगाचं पाणी. बंगल्यात ते पवित्र आत्म्याचं काम ठरलं, आणि शाळेच्या खोलीत मूर्तिपूजा. आणि मंडळी आपल्या पायांवर उभी राहायला नेमकी रूपलीच्या पाठीवरच शिकत होती.

पुढचे काही महिने प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी तिच्यापाशी आली की वाढणारा ती उचलून पुढच्या चटईकडे नेई. पोरंसोरं वळून बघत. बाजारात मात्र बूट वाजतच राहिले. पायरीवर सूरजबाईने एकदा विचारलं, "थारो मूंडो उतर्यो क्यूं है?" रूपली म्हणाली, "दात दुखी ऱ्हायना."

पौषात तिला ताप भरला. तीन दिवस झोपडीत पडून होती, आणि डोळ्यांपुढे नाल्याकाठची जागा. दिवाल्या काढा घेऊन आला. "कबुली देई टाक, बहीण," तो म्हणाला. "मी चार दाव दिधी. तोंडवरी देवानी, पोटमातून थोडीच देतंस?"

"आणि हाई पाप नव्हतं तर?"

"ते प्रभूले ठावं शे. मास्तरले नही ठावं, म्हनीसन तर मास्तरले सांगनं पडस."

ताप उतरल्यावर ती कबुलीला तयार झाली.

तो रविवार बाजाराचा होता. चर्चच्या एका अंगाच्या खिडक्या बाजाराकडे उघडत, आणि उन्हाचे दिवस नसले तरी त्या उघड्याच होत्या. बाहेर भिंतीशी हमाल, गाडीवान, डोंगरातून मोळ्या घेऊन आलेली माणसं टेकलेली. रूपली पुढे जाऊन उभी राहिली आणि मास्तरने घोकून घेतलेलं वाक्य बोलली. मी परधर्मीयांच्या व्रतात सामील झाले, ते पाप होतं, मंडळीने क्षमा करावी. झालं होतं तेवढं पुरे होतं. भाकर समोर झाकलेली होती.

पण मास्तरला जिंकणं पुरत नसे, त्याला वर थोडं लागे. तो म्हणाला, "मंडळीला कळू दे. पंधरा वर्षं मिशनचा पगार घेऊन तू बाजारात फिरलीस. त्या पारसमलच्या घरातून तू नमस्कार आणलास, उपास आणलास, मुगाचं पाणी आणलंस. दिलंस काय?"

मागे चटईवर कुणीतरी खिदळलं. रूपलीच्या तोंडावर रक्त चढलं. इतके महिने जे गिळलं होतं ते वर आलं, आणि ते मिशनच्या मराठीत आलं नाही.

"दिधं," ती म्हणाली. "तिना पोऱ्या मरी ऱ्हायंता. ती मन्हा हात धरीसन माले आतली खोलीमा लई गयी. मी त्याना कपाळवर हात ठेवा आणि प्रभुनं नाव लिधं. पोऱ्या जगना. तुम्हनामातलं कोन गयं व्हतं त्या खोलीमा?"

मिसबाई जागेवरून उठल्या, पुढे आल्या आणि भर मंडळीत रूपलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "प्रभूची स्तुती असो. हिने मारवाड्याच्या घरात प्रभूला नेले." आता मास्तरलाही मान लववावी लागली. थाळी आली. रूपलीने भाकरीचा तुकडा उचलला, खाल्ला, द्राक्षरसाचा घोट घेतला. ती पुन्हा मंडळीची झाली.

खिडकीबाहेर पारसमलचा हमाल पोत्यावर टेकला होता.

दुपार कलायच्या आत बाजारात एकच गोष्ट उरली. कापडाच्या दुकानात ती खोलीपर्यंत होती, पानाच्या टपरीपर्यंत ती रसोड्यातल्या चुलीपर्यंत गेली, आणि संध्याकाळी गाडीतळावर सूरजबाई छुपी ख्रिस्ती झाली होती. दुसऱ्या दिवशी पारसमलच्या घरी सगळी भांडी घासून निघाली, पाण्याचे माठ फुटले, आतली खोली धुतली गेली. तीजाबाई कुणाशी वाईट बोलली नाही. जिभेने ती मऊच होती. सुनेला हवापालट हवा, असं तिने शेजारणींना सांगितलं. हवापालट म्हणजे मारवाड, आणि मुलगा मात्र इथेच, आजोबांपाशी.

नंदुरबारच्या आगगाडीसाठी पडदा लावलेला छकडा पहाटे निघाला. रूपली मिशनच्या वळणावर उभी होती. बूट तिने काढून हातात घेतले होते. छकडा आला तशी ती चाकाच्या बाजूने चालू लागली. गाडीवानाने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"सूरजबाई," ती म्हणाली. "मी पोऱ्यानी गोष्ट चांगली म्हनीसन सांगी."

आतून बांगड्यांचा आवाज, कुणी पदर सारखा करतं तसा. मग आवाज आला, शांत.

"मने पूछ तो लेती."

रूपली चालत राहिली. विचारलं असतं तर सूरजबाई काय म्हणाली असती, ते तिला माहीत होतं, आणि तेच तर कारण होतं न विचारण्याचं. तळोद्याच्या वाटेला लागल्यावर गाडीवानाने बैलांना हाकारलं. पडदा हलला नाही.

त्यानंतर बाजारातल्या बाया रूपलीशी नेहमीसारख्याच बोलायच्या, पण ओट्यावरून. "ये वं बाई, बैस," असं कुणी म्हणेना. एका कुणब्याच्या घरी म्हातारी धनुबाई तोंडावर म्हणाली, "बाई, तुन्या गोष्टी भलत्या गोड ऱ्हातीस. पन आम्हना घरनं कायबी तुन्हा देवले सांगजो नको. त्याना घरले खिडक्या शेतीस." रूपलीने मान हलवली आणि पुढे गेली.

सहा-आठ महिने असे गेल्यावर कमिटीने ठराव केला. बाजारात एकही घर बायबलबाईला दार उघडत नाही, सबब ते पद ठेवण्यात अर्थ नाही. ठराव मास्तरचाच. मिसबाईंनी खेद व्यक्त केला, आणि रूपलीला उघड्यावर टाकू नये म्हणून दुसरं काम काढलं. त्या सुमारास मंडळीत एकाच पेल्यातून सगळ्यांनी पिण्याची जुनी चाल बंद होऊन प्रत्येकाला वेगळी काचेची लहान पेली आली होती. आरोग्याच्या दृष्टीने, असं मार्थाबाईने सुचवलं होतं. चटईवरच्या माणसांचं आरोग्य तिला अचानक इतकं प्यारं का झालं, ते सांगायला नकोच. तर त्या पेल्या धुवायला, पुसायला आणि कपाटात लावायला माणूस हवं होतं.

रविवारी उपासना उठली की पुढच्या बाकांवरची मंडळी अंगणात गप्पा मारत उभी राहायची, आणि मागच्या विहिरीपाशी रूपली राखेने पेल्या घासत बसायची. एकदा दिवाल्या तिथे येऊन टेकला. तिच्या हातातल्या पेल्यांकडे बघून म्हणाला, "कोनती कोनी शे, काय वळखू येस का?"

"येस ना," ती म्हणाली. "पुढला बाकन्या पेल्या अर्ध्या भरेल ऱ्हातीस. आपल्या चाटीसन साफ."

दिवाल्या हसला. ती हसली नाही. तिने पेली उजेडाकडे धरली, अजून डाग होता, पुन्हा राखेत बोट घातलं.